मे महिना धरून आखलेली गवताची बाग: नागपूरच्या एका अंगणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात बेसा-मानेवाड्याच्या बाजूला अगदी अलीकडेपर्यंत शेतं होती. आता प्लॉट पडून बंगले झाले, पण पायाखालची माती शेताचीच राहिली आहे. काळी, भारी, पावसात पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. अशाच एका वसाहतीतल्या बंगल्याच्या अंगणाची ही हकीकत आहे. घरात नोकरीतून निवृत्त झालेले काका, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या काकू, काकांच्या वृद्ध आई आणि एक कुत्रा. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला. नावं आणि पत्ता वगळून बाकीचं लिहायला घरच्यांनी मोकळेपणाने परवानगी दिली आहे.

अंगण घराच्या पश्चिमेला, साधारण चाळीस फूट रुंद आणि तीस फूट लांब. घर बांधलं तेव्हापासून तिथे ‘सिलेक्शन वन’ जातीची हिरवळ होती. ती रोज पाणी मागायची. एप्रिलमध्ये बोअरवेलचं पाणी खाली गेलं की हिरवळीचे पिवळे पट्टे पडायचे आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत अर्धं अंगण उघडं व्हायचं. पावसाळ्यात त्या उघड्या जागेत नागरमोथा यायचा. दरवर्षी माळी तो उपटायचा, जमिनीतल्या गाठी तशाच राहायच्या आणि पुढच्या मृगाला तो पुन्हा हजर.

मुलाकडे गेले असताना दोघांनी न्यूयॉर्कची ‘हाय लाइन’ पाहिली. मालगाड्यांच्या जुन्या उंच रेल्वेमार्गावर केलेली ही बाग. तिचा पहिला भाग २००९ मध्ये खुला झाला आणि तिथली लागवड पीट ऑडॉल्फ या डच रचनाकाराची आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तिथली गवतं तांबूस-सोनेरी झाली होती. काकूंनी भरपूर फोटो काढले आणि परत येताना ठरवूनच आल्या की हिरवळ काढायची आणि अंगणात अशी गवतं लावायची.

पहिली लागवड

पुढच्या जुलैत त्यांनी लागवड केलीसुद्धा. हिरवळ खरवडून काढली आणि काही रोपं शहरातल्या रोपवाटिकेतून, काही ऑनलाइन मागवली. पँपास, निळसर झाक असलेली बुटकी ब्लू फेस्क्यू, मेक्सिकन फेदर ग्रास आणि लाल फाउंटन ग्रास. सगळी सपाट जमिनीत, कुंडीतून काढून जशीच्या तशी लावली.

पोळ्यापर्यंत फेस्क्यू मधोमध काळी पडून सडली. फेदर ग्रास त्याच्या पाठोपाठ गेलं. पँपास जगलं, वाढलंही, पण तुरा काही आला नाही. दिवाळीत आलेल्या नातवाने त्याचं पान ओढलं आणि बोट कापून घेतलं, कारण पँपासच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते. लाल फाउंटन ग्रास मात्र फाटकाजवळच्या चढावर झकास उभं होतं. तेच वाण बागेच्या खोलगट कोपऱ्यात लावलं होतं, तिथे पार मेलं होतं.

काय चुकलं ते बघून बागेचा नवा आराखडा करायला मला बोलावलं ते नोव्हेंबरात. मेलेल्या फेस्क्यूचं एक ठोंब आम्ही कुदळीने उकरून काढलं. बाहेरची काळी माती वाळायला लागून घट्ट झाली होती. आत मात्र कुंडीच्या आकाराचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, गोळा जसाच्या तसा होता, ओला, आंबूस वासाचा. मुळं त्या गोळ्यातच गोल गोल फिरली होती, एकही काळ्या मातीत शिरलं नव्हतं. रोप चार महिने जमिनीत असूनही कुंडीतच राहत होतं आणि ती कुंडी पाण्याने भरलेली होती.

अडचण नेमकी कुठे

काकांचं म्हणणं होतं की रोपंच खराब मिळाली. ते मला पटलं नाही. लाल फाउंटन ग्रास एका जागी जगलं आणि दुसऱ्या जागी मेलं, यातच अर्धं उत्तर होतं.

न्यूयॉर्कला वर्षभरात साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. नागपूरची सरासरी अकराशेच्या आसपास आहे. आकडे बघितले तर दोन्ही गावं सारखीच वाटतात. पण तिथे तो पाऊस बाराही महिन्यांत विभागून पडतो आणि आपल्याकडे त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजे इथल्या गवताला चार महिने पाण्यात उभं राहायचं असतं आणि नंतरचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे काढायचे असतात. त्यातही मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं आपल्याला नवीन नाही. हाय लाइनवर मातीचा थर उथळ आणि निचऱ्याचा आहे. इथे पाणी धरून ठेवणारी काळी माती कित्येक फूट खोल.

दुसरी गोष्ट गवताच्या जातीची. गवतांत थंडीत वाढणारी आणि उन्हात वाढणारी असे दोन मोठे गट आहेत. आपल्या शेतातलं उदाहरण घ्यायचं तर गहू पहिल्या गटातला आणि ज्वारी दुसऱ्या. दोन्ही गवतंच. विदर्भातला कुठलाही शेतकरी जूनमध्ये गहू पेरणार नाही. फेस्क्यू गव्हाच्या गटातली आहे आणि फेदर ग्रासही. ती जुलैत नागपूरच्या दमट उष्म्यात लावणं म्हणजे आषाढात गहू पेरण्यासारखंच होतं. फाउंटन ग्रास ज्वारीच्या गटातलं, त्यामुळे निचरा मिळाला तिथे ते टिकलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पुन्हा हिरवळ घालण्याचा. तो काकूंनीच बाद केला.

दुसरा पर्याय काकांच्या मनातला होता: पेव्हर ब्लॉक. शेजारच्या दोन बंगल्यांनी तेच केलं होतं. एकदा खर्च केला की पाणी नको, माळी नको, साप नको. याला मी जोरात विरोध केला आणि आजही करेन. अंगण पश्चिमेला आहे. दुपारपासून सूर्यास्तापर्यंतचं ऊन तिथे पडतं आणि बाराशे चौरस फूट काँक्रीट तापलं की ती धग रात्री उशिरापर्यंत ओसरीवर आणि खिडक्यांवर येत राहते. शिवाय पावसाचं सगळं पाणी रस्त्यावर जातं आणि एप्रिलमध्ये बोअरवेल आटली म्हणून टँकर बोलवावा लागतो तो वेगळाच.

तिसरा पर्याय ऊन सोसणारी बाहेरची गवतं घेण्याचा. लाल आणि हिरवं फाउंटन ग्रास, पांढऱ्या पट्ट्याचं अरुंडो वगैरे घ्यायचं आणि ठिबक टाकायचं. हे जगलं असतं. पण साध्या हिरव्या फाउंटन ग्रासचं बी वाऱ्यावर दूर जातं आणि जगात अनेक कोरड्या भागांत ते मोकळ्या जमिनीवर पसरून डोकेदुखी झालं आहे. अरुंडो जमिनीखालून सरकत जातं. वसाहतीच्या पलीकडे अजून शेतं आहेत, हे धरून मला ते नको वाटलं. लाल जातीला सहसा बी धरत नाही, म्हणून तिला हरकत नव्हती.

चौथा पर्याय इथल्याच माळरानावरची, धुऱ्यावरची म्हणजे शेताच्या बांधावरची गवतं लावण्याचा. यावर काका थेट म्हणाले, “पैसे देऊन गवत लावायचं आणि तेही धुऱ्यावरचं?”

त्या दिवशी वाद तिथेच थांबवून मी दोघांना एक प्रश्न विचारला. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजता ओसरीत खुर्ची टाकून बसल्यावर समोर काय दिसायला हवं? ऑक्टोबरात बाग सुंदर दिसणारच होती, कारण त्या महिन्यात विदर्भातला नाला काठोकाठ सुंदर असतो. प्रश्न मे महिन्याचा होता. काकू बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “हिरवं नसलं तरी चालेल. मेलेलं दिसायला नको.”

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय या एका वाक्यात झाला, असं मी मानतो. तोपर्यंत सगळा विचार फोटोतल्या महिन्याचा चालला होता. यानंतर आराखडा उलट्या दिशेने, मे महिन्यापासून मागे मागे करत आखला गेला. त्यातून तीन गोष्टी ठरल्या. मे महिन्यात हिरवा राहील असा एकच पट्टा ठेवायचा आणि त्याला पाण्याची खात्री द्यायची. बाकीची गवतं उन्हाळ्यात झोपू द्यायची, पण ती छाटलेली आणि नीट रांगेतली असावीत. आणि त्या झोपलेल्या महिन्यांत नजर ठरायला काळ्या बेसाल्टचे मोठे दगड आणि कुंपणाला कागदी फुलांची बोगनवेल ठेवायची, जी ऐन उन्हात फुलते.

कोणती गवतं घेतली, कोणती टाळली

हिरव्या पट्ट्यासाठी वाळा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, काळ्या मातीच्या भेगांना ती पुरून उरतात, पाणी साचलं तरी तो सडत नाही आणि खारटपणाही सोसतो. हा शेवटचा गुण नागपुरात फार कामाचा. प्रत्येक घरात डेझर्ट कूलर असतो आणि बोअरच्या जड पाण्यावर तो चालला की टाकीत क्षार साठतात, म्हणून टाकी अधूनमधून रिकामी करावी लागते. ते पाणी इतर झाडांना घालवत नाही, वाळ्याला चालतं. या घरी दोन कूलर पश्चिमेच्या भिंतीलाच होते. त्यांचे पाइप वाळ्याच्या ओळीत सोडले, म्हणजे जितकं ऊन जास्त तितके कूलर जास्त वेळ चालणार आणि तितकंच वाळ्याला पाणी जास्त. आजींना वाळा म्हटल्यावर आनंद झाला, कारण त्यांच्या माहेरी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारायचे आणि माठात वाळ्याची जुडी असायची. मुळांसाठी तो खणायचा मात्र नाही, हे आधीच ठरवलं. खणला की पट्टाच जाईल.

मधल्या भागासाठी तिखाडी, म्हणजे रोशा गवत. याच्याच एका प्रकारापासून पामारोझाचं सुगंधी तेल काढतात. पान चोळलं की गुलाबाच्या जवळचा वास येतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे पानाचा तळ रुंद असतो आणि तो खोडाला दोन्ही बाजूंनी धरून असतो. पावसाळ्यात ते पुरुषभर उंच जातं, दसऱ्याच्या सुमारास तुरे येतात आणि पिकताना ते लालसर, मग तांबूस होतात. ओसरी पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे मावळतीचं ऊन या तुऱ्यांच्या मागून येणार होतं. काकूंना हाय लाइनवर जे आवडलं होतं ते मुख्यतः हेच होतं: मागून उजेड आलेले तुरे. ते तुरे कोणत्या देशाच्या गवताचे आहेत याने त्यात फरक पडत नव्हता.

खोलगट कोपऱ्यासाठी मारवेल. काळ्या जमिनीचं हे हक्काचं गवत. गुडघा-मांडीएवढं वाढतं, जांभळट बोटांसारखी कणसं येतात. कांडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं, आणि जवळ वाकून पाहिलं तर दव त्या केसांवर थेंबाथेंबाने अडकलेलं दिसतं.

फाटकाजवळ, जिथे बांधकामाच्या वेळी मुरूम टाकला होता, तिथे पवन्या गवत. त्याला हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. जगलेली लाल फाउंटन ग्रासही तिथेच ठेवली. पँपास काढलं.

कुसळी मला मनापासून हवी होती. पावसाळ्यानंतर तिचे कुसळांचे पीळ एकमेकांत गुंततात तेव्हा ती फार देखणी दिसते. पण घरचा माळी हिंगण्याकडच्या खेड्यातला, जन्मभर गवतात वावरलेला. तो म्हणाला, “भाऊ, कुसळी नका लावू. कुत्र्याच्या कानात गेली तं डॉक्टरकडेच न्या लागते.” त्याचं बरोबर होतं. कुसळीच्या बियाचं टोक सुईसारखं कडक असतं आणि कुसळ ओलं-कोरडं झालं की पीळ सुटतो-बसतो आणि बी स्वतःला आत आत खुपसत नेतं. जमिनीत रुजायची तिची ती युक्तीच आहे, पण ती कापडात, पंजात, कानातही तशीच चालते. कुसळी बाद झाली. कुंदाही बाद, कारण तो एकदा काळ्या मातीत खाली गेला की पुढची पिढीसुद्धा तो खणत बसते.

सापाचा प्रश्न

सगळ्यात कडक विरोध आजींचा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. “गवतात साप नाही येणार तं काय देवळात येईन?” असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं. या भागात नाग, घोणस, मण्यार आणि धामण हे चारही दिसतात. उंच गवताच्या बागेचा विचार करणाऱ्याने हा मुद्दा टाळला तर त्याने घरच्यांच्या जिवाशी खेळ केला, असंच मी म्हणेन.

आम्ही असा विचार केला की साप गवतासाठी येत नाही, तो उंदरांच्या आणि बेडकांच्या मागे येतो आणि त्याला लपायला जागा लागते. म्हणून घराच्या जोत्यापासून सहा फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवला आणि त्यावर गिट्टी घातली, म्हणजे काही सरपटलं तर दिसेल. वाळ्याची ओळ या पट्ट्याच्या पलीकडे घेतली आणि कूलरचे पाइप तिथपर्यंत वाढवले. फाटकापासून दारापर्यंतची वाट पाच फूट रुंद केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना फक्त बुटकं मारवेल. वाटेवर रात्रभर दिवा. कुंपणाजवळच्या विटांचा आणि जुन्या फरश्यांचा ढीग हलवला, उंदरांची बिळं बुजवली. पाखरांना ताटलीत दाणे टाकायची काकूंची सवय होती, ती गच्चीवर नेली. सांडलेल्या दाण्यांमागे उंदीर येतात. सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर लावला. बागेत हात घालताना हातमोजे आणि बूट, यात सूट नाही.

पहिल्याच पावसाळ्यात कुंपणाजवळ एक धामण निघाली. सर्पमित्र येऊन घेऊन गेला. ती बिनविषारी होती, पण आजींना दोन रात्री झोप नव्हती. बाग ठेवायची की नाही हा प्रश्न तेव्हा पुन्हा उभा राहिला. काकांनी, म्हणजे ज्यांना पेव्हर हवे होते त्यांनीच, सांगितलं की हिरवळ होती त्या वर्षीही एक निघाली होती. तरी आजींच्या समाधानासाठी त्यांच्या खोलीच्या खिडकीसमोरचं उंच गवत काढून तिथे दगड आणि कुंड्या ठेवल्या. मला तो बदल योग्यच वाटतो. बागेत राहणाऱ्या माणसाला भीती वाटत असेल तर ती बाग त्याची होत नाही.

वाफे आणि लागवड

उन्हाळ्यात माती खणून भेगांमधल्या नागरमोथ्याच्या गाठी हाताने वेचल्या. वाळू मिसळा असा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता, तो घेतला नाही. काळ्या मातीत थोडीशी वाळू घातली तर ती मोकळी व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट बसते, आणि फरक पडेल एवढी घालायची तर अंगण वाळूचंच करावं लागेल. त्याऐवजी कुजलेलं शेणखत आणि मुरूम घालून फूटभर उंचीचे गादीवाफे केले. मधून उतार देऊन पाणी खोलगट कोपऱ्यात नेलं आणि तिथून बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात.

तिखाडी आणि मारवेलचे ठोंब माळ्याच्या स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावरून आले. जंगलातून किंवा टेकडीवरून काही उपटायचं नाही, ही अट मी घातली होती आणि यापुढेही घालेन. मृगाचा पाऊस होऊन जमीन पूर्ण भिजली, तेव्हा ठोंब फोडून तीन-चार फुटव्यांचे तुकडे केले, पानं वीतभर ठेवून कापली आणि त्याच दिवशी लावले. फुटव्याचा बुंधा मातीच्या पातळीला, खोल नाही. तिखाडीत अडीच फूट अंतर, वाळ्याच्या ओळीत एक फूट. पहिले दोन महिने बाग विरळ, केविलवाणी दिसली आणि शेजारून विचारणाही झाली. अंतर कमी करण्याचा मोह तेव्हाच होतो. तो टाळला हे फार बरं झालं, कारण दुसऱ्या पावसाळ्यात ठोंब एकमेकांना टेकले.

छाटणी कधी करायची

या बागेत सगळ्यात जास्त चर्चा याच गोष्टीवर झाली. थंड देशांत गवत हिवाळाभर उभं ठेवतात, त्यावर पडलेलं हिम बघतात आणि वसंत लागताना कापतात. हाय लाइनवरही मार्चमध्येच छाटणी होते. ते वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही, कारण आपल्याकडे फाल्गुनानंतर गवताची वाढ सुरू होत नाही, उन्हाळा सुरू होतो.

तीन मतं होती. काकूंना गवत मे अखेरपर्यंत उभं हवं होतं, कारण वाळलेलं गवतही सोनेरी दिसतं. काकांना संक्रांतीलाच सगळं कापून साफ करायचं होतं. मी महाशिवरात्र धरली होती, म्हणजे होळीच्या आधी. होळीची ठिणगी उडून वाळलेल्या तुऱ्यांवर पडली तर काय होईल हे सांगायला नको.

पहिल्या वर्षी रस्त्याकडची अर्धी बाग होळीआधी कापली आणि आतली अर्धी ठेवली. दोन्हींचा निकाल समोर आला. आतलं गवत एप्रिलच्या वादळी पावसात आडवं पडलं, त्याखाली उंदरांनी घर केलं आणि जूनमध्ये कोवळे फुटवे जुन्या काडीत अडकून बसले. कापताना निम्मे नवे फुटवेही गेले. रस्त्याकडचं गवत वीतभर खुंटांनी उभं राहिलं. पण त्यातही एक धडा मिळाला. माळ्याने सवयीने त्याला आठवड्याला पाणी दिलं, त्यामुळे ते मार्चमध्येच फुटलं आणि मेच्या झळांनी त्या कोवळ्या पानांची टोकं करपून गेली.

दुसऱ्या वर्षीपासून पद्धत ठरली ती अशी. फेब्रुवारीच्या शेवटी सगळं एकदम कापायचं. आधी ठोंब सुतळीने कमरेला बांधायचा, मग खालून विळ्याने कापायचा, म्हणजे पेंढी होते आणि पसारा होत नाही. नंतर तीन आठवड्यांनी एकदा पाणी, तेही मातीला फार मोठ्या भेगा पडून मुळं तुटू नयेत एवढ्याचसाठी. ठोंबाला झोपू द्यायचं. कापलेलं गवत मागच्या आंब्याच्या आळ्यात घालायचं. भिंतीजवळ ते साठवायचं नाही, कारण उधई (वाळवी) लागते.

दोन पावसाळ्यांनंतर

वाळा छातीएवढा झाला आहे आणि मे महिन्यात तो खरोखर हिरवा राहिला. पावसाळ्यात सुगरणी येऊन त्याच्या पानांच्या लांब पट्ट्या काढून नेतात. चोचीने पानाच्या कडेला एक खाच पाडायची, पट्टीचं टोक धरायचं आणि उडायचं, की पट्टी आपोआप सोलली जाते. आजी खिडकीतून हे बघत बसतात. ऑक्टोबरात मारवेलच्या कणसांवर मुनियांचे थवे उतरतात.

तिखाडी उंच वाफ्यांवर उत्तम आली. खोलगट कोपऱ्याच्या कडेला लावलेले तिचे काही ठोंब पहिल्याच वर्षी गेले, तिथे मारवेल वाढवलं. पवन्या मुरमाच्या पट्टीत बरं आहे, दोन फूट सरकून काळ्या मातीत लावलेलं मात्र किरकिरं राहिलं.

उन्हाळ्यातलं रोजचं पाणी बंद झालं. टँकर लागला नाही. यात बागेचा वाटा किती आणि त्या वर्षीच्या चांगल्या पावसाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, पण हिरवळीला रोज जाणारं पाणी वाचलं हे तर दिसतंच.

शेजाऱ्यांचं “एवढा चांगला बंगला अन् समोर रान” हे बोलणं पहिल्या वर्षी बरंच झालं. दुसऱ्या वर्षी फाटकाच्या दोन्ही बाजूंना बेसाल्टची दोन फुटांची सरळ कड बांधली आणि त्या कडेबाहेर एकही पात येऊ दिली नाही. बोलणं थांबलं. आत तेच गवत आहे, पण कड सरळ असली की बघणाऱ्याला कळतं की हे कुणीतरी जाणूनबुजून लावलंय आणि राखतंय.

पायऱ्यांजवळ आठ बाय दहा फुटांची हरळी ठेवली आहे, नातवाला लोळायला आणि गणपतीत दूर्वा खुडायला.

आज करायचं झालं तर

एक पूर्ण पावसाळा फक्त तण काढण्यात घालवता आला असता. गवताच्या बागेत गवताचंच तण ओळखणं अवघड असतं. लहानपणी तिखाडी, मारवेल आणि नको असलेली रानगवतं सारखीच दिसतात. माळ्याच्या बायकोला पेराकडे बघून ती वेगळी काढता येतात, मला प्रत्येक वेळी जमत नाही, घरच्यांना तर नाहीच. पहिल्या वर्षी रिकाम्या वाफ्यांत नागरमोथा आणि रानगवत उगवू देऊन दर पंधरा दिवसांनी काढत राहिलो असतो, तर पुढची निंदणी निम्मी झाली असती. काकूंना मात्र आणखी एक वर्ष उघडी माती बघायची तयारी नव्हती, आणि तेही समजण्यासारखं होतं.

हरळीच्या तुकड्याभोवतीची दगडी कड चार इंच खोल आहे. ती फूटभर हवी. हरळीचे धावरे कडेखालून मारवेलमध्ये शिरले आहेत आणि ते हाताने ओढून काढणं हे आता दर महिन्याचं काम झालं आहे.

तिखाडीचे तुरे फेब्रुवारीपर्यंत ठेवले की बी पडतं. शेजारच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत तिची रोपं उगवली आणि ती आम्ही जाऊन काढून दिली. रस्त्याकडच्या ओळीचे तुरे डिसेंबरातच कापावेत आणि आतले शेवटपर्यंत ठेवावेत, असं यंदा ठरलं आहे.

आणि ज्यांना अशी बाग करायची आहे त्यांच्यासाठी क्रम बदलून सांगतो. गवत निवडायच्या आधी एका जोरदार पावसानंतर अंगणात जा आणि पाणी कुठे किती वेळ साचतं ते खुंट्या मारून ठेवा. या अंगणात मेलेलं जवळपास प्रत्येक रोप त्या साचणाऱ्या पाण्याच्या हद्दीत होतं. ती हद्द आम्हाला कळली ती रोपं मेल्यावर. खोलगट कोपऱ्याच्या मधोमध पाच-सहा फुटांची जागा अजून रिकामी आहे, कारण तिथे मारवेलही नीट धरत नाही. येत्या मृगात तिथे वाळ्याचे फुटवे लावून बघणार आहोत.